पन्नास आणि साठ

बॅलार्ड पियरच्या हॉलात तीन दिवस बैठक चालली.
टेबलावर बोटभर उंचीचे झेंडे,
एसीच्या वाऱ्याने सगळे एकाच बाजूला कललेले.
मी मागे उभा. माइकच्या वायरीत कुणाचा पाय अडकू नये
एवढंच माझं काम.

आधी कुणी किती धूर सोडला,
आता कुणी किती आवरायचा,
पैसे कुणाचे, मुदत कुणाची.
'करावे' लिहायचं की 'करता येईल',
एवढ्यावरून दुपारचं जेवण गार झालं.
कोलंबोचे तिलकरत्ने कागदावर जहाजं काढत बसले होते.
चांगली काढत होते.

चौथ्या दिवशी चट्टग्रामच्या तालुकदार बाई
हॉल सोडून थेट गोदीत उतरल्या,
डोक्यावर हेल्मेट, खांद्याला कापडी पिशवी.
पिशवीतून त्यांनी नारळाएवढा प्लग काढला
आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या,
दिगसकर, हा तुमच्यात बसतो का बघू.

बसला नाही.
पितळेची एक खुंटी केसभर जाड.
अन्सारने लगेच कानस आणली.
बाई म्हणाल्या, नको,
इथे बसेल, पण मग तिकडे बसायचा नाही.

मग आम्ही लाकडी खोक्यावर बसून मापं घेतली,
त्यांची, आमची, कोलंबोची.
तिलकरत्न्यांनी जहाजांच्या पाठीमागेच आकडे मांडले.
तिघांपैकी कुणाचंच नाही
असं एक चौथं माप निघालं.
खाली तिघांनी सह्या केल्या, तीन लिप्यांत,
आणि चहा सांडला त्यावर.
हॉलातल्या ठरावाचं काय झालं मला माहीत नाही.

आणखी एक भानगड होती.
आमची वीज सेकंदाला पन्नास वेळा धडधडते,
जहाजाची साठ.
मध्ये खोलीएवढं यंत्र बसवावं लागलं,
पन्नासाचं म्हणणं साठाला समजावणारं.
दुभाषाच तो.
समजावता समजावता स्वतः थोडी वीज खातो,
म्हणजे पगारही घेतो.

पुढच्या पौषात 'शंखचील' धक्क्याला लागलं,
तागाच्या गासड्या घेऊन.
सहा जणांनी केबल उचलली. घाम मानेवरून कमरेपर्यंत.
प्लग गेला आत, खट् असा.
मी खटका वर केला आणि
जहाजाने आपलं डिझेल बंद केलं.

एवढी शांतता झाली की वॉचमन धावत आला,
काय बिघडलं म्हणून.
धक्क्याच्या खांबाला पाणी लागतं त्याचा आवाज असतो
हे मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हतं.
वर भटारखान्यात कुणीतरी मासळी तळत होतं,
बांगलात कुणाला तरी रागावत होतं.
सगळं ऐकू येत होतं.

तालुकदार बाई आल्याच होत्या त्या बोटीने.
मला विचारलं, ही वीज येते कुठून?
मी उत्तरेकडे, ट्रॉम्बेकडे बोट दाखवलं.
धुक्यात लाल दिव्यांची चिमणी उभी होती
आणि तिच्या डोक्यावर, दिवा लावून शोधायला नको,
कोळशाचा धूर.

मी खजील झालो. घर झाडून
केर शेजारच्या दारात लोटल्यासारखं.
त्या हसल्या नाहीत.
आमच्याकडे पण तसंच आहे, म्हणाल्या.
मग म्हणाल्या, इथल्यापेक्षा कमी आहे ना? किती कमी,
ते लिहा. पण तोही लिहा.

हेमलता माझगावात वीस वर्षं चादरी घरातच वाळत घालते.
खिडकीच्या गजाला हात लावला की बोट काळं.
तिला मी रात्री सगळं सांगितलं.
एका बोटीने काय होतंय, म्हणाली.
बरोबर आहे.
चादरी अजून आतच आहेत.

नोंदवहीत 'सोडलेला धूर' असा रकाना आहे.
साहेबांनी सांगितलं होतं,
डिझेल बंद, तर तिथे शून्य टाक.
अकरा तास, चाळीस मिनिटं. युनिटं मोजून
मी ट्रॉम्बेचा आकडा काढला,
दुभाषाने खाल्लेलं त्यात धरलं,
आणि शून्याच्या जागी तो लिहिला, पेनने.
त्याच आकड्याचा कागद आता चट्टग्रामला जाईल,
तिथून त्यांचा येईल.
बघू त्या काय लिहितात.